देठाला लावलेलं मलम

आदरणीय अध्यक्ष महोदय, व्यासपीठावरचे पाहुणे, आजच्या उत्सवमूर्ती आणि मुलांच्या लाडक्या 'शाईच्या बाई', माझे सहकारी, आणि मागे बसून आतापासूनच चहाच्या दिशेने पाहणाऱ्या माजी विद्यार्थ्यांनो,

आज निवृत्त होणाऱ्या बाईंबद्दल चांगलं बोलायला मला उभं केलंय. प्रयत्न करते.

आम्ही दोघींनी शेजारशेजारच्या वर्गांत विज्ञान शिकवलं. माझं टाचण पूर्ण, फळा रेखीव. आणि मुलं? ती भिंतीपलीकडे, बाईंच्या वर्गात हसत असायची. वनस्पतींमधलं वहन मी व्याख्येसकट लिहून द्यायची. बाई म्हणायच्या, मुळं पाणी भरतात, पानं स्वयंपाक करतात, आणि देठात दोन नळ्या असतात: एक पाणी वर नेणारी, दुसरी तयार जेवण घरभर वाढणारी. झालं! जलवाहिनी, रसवाहिनी कुणी विसरेना. खुद्द माझी लेक माझ्याच ताटावर बसून "आमच्या बाई म्हणाल्या" असं सुरू करायची. पिकतं तिथे विकत नाही, हेच खरं. माझा जळफळाट व्हायचा, आज खोटं कशाला बोलू?

अठरा वर्षांपूर्वी शाळेची तपासणी होती. बाईंनी सकाळीच लाल शाईच्या पाण्यात पांढरं फूल ठेवलं होतं. दुपारपर्यंत पाकळ्या लाल व्हायच्या होत्या. प्रयोगशाळेत कुणी नव्हतं. माझ्या पर्समधल्या डबीत हातांच्या भेगांचं मलम होतं. देठाचं कापलेलं तोंड मी त्याने लिंपून टाकलं आणि फूल होतं तसं परत ठेवलं.

दुपारी निरीक्षक आले. फूल पांढरंशुभ्र. मी दारात उभी, चेहऱ्यावर सहानुभूती. बाई गोंधळल्या नाहीत. त्यांनी मुलांनाच विचारलं, रंग कुठे अडला असेल? माझ्या लेकीने देठ उचलला, टोकावर बोट फिरवलं आणि म्हणाली, "बाई, याचं तोंड कुणीतरी बंद केलंय."

बाईंनी एकदा देठाकडे पाहिलं, एकदा माझ्या हातांकडे. मग तिला म्हणाल्या, "नवा काप दे. पण पाण्यात बुडवूनच, नाहीतर हवा शिरेल आणि पुन्हा अडेल." शाळा सुटायच्या आत पाकळ्यांत लाल रेषा उमटल्या. निरीक्षकांनी शेरा लिहिला: 'मुद्दाम फसवलेला प्रयोग दाखवण्याची बाईंची कल्पना स्तुत्य.' म्हणजे कल्पना माझी आणि शाबासकी त्यांना!

तेव्हापासून दरवर्षी तो धडा आला की बाई माझ्या टेबलाशी येऊन म्हणायच्या, "तुमची ती डबी द्या हो जरा." त्याहून एक शब्द जास्त नाही. मी डबी द्यायची, आणि त्या दिवशी मला घास गोड लागायचा नाही.

लेक आज झाडांमध्ये पाणी कुठे अडतं यावरच संशोधन करते. मला पुरस्कार मिळाला तेव्हा माझ्या सत्काराला तिला रजा मिळाली नव्हती. आज मिळाली. ती बघा, पहिल्या रांगेत बसलीये. देठाचं तोंड कुणी बंद केलं होतं, हे तिलाही आत्ताच कळतंय.

आज सकाळी कपाटाच्या किल्ल्या देताना बाईंनी डबीही परत केली, रिकामी. म्हणाल्या, "संपलं हो एकदाचं."

मला बोलू दिल्याबद्दल संस्थेचे आभार, ऐकून घेतल्याबद्दल तुमचेही. बोलण्यात काही कमीजास्त झालं असेल तर सभागृहाने पोटात घालावं. देठाची माफी मात्र मी एकट्या बाईंकडे मागते. हेवा तेवढा माझ्याकडे राहू द्या, बाई. उद्यापासून भिंतीपलीकडून हसू येणार नाही. मग मी हेवा करू तरी कुणाचा?