पास्टरच्या देवाचा वाटा

आजच्या निरोपाच्या कार्यक्रमाच्या अध्यक्ष, आपल्या सरपंच प्रेमिलाबाई. मंचावर बसलेले, आणि ज्यांना 'या आता' म्हणायला जीभ रेटत नाही ते पास्टर सुरेंद्रभाऊ. त्यांच्या सौभाग्यवती रीताबाई. मूल गावाहून आलेली पाहुणे मंडळी. आणि समोर बसलेल्या माझ्या आयाबहिणींनो, भावांनो. आपल्या मच्छीमार सोसायटीचा अध्यक्ष या नात्यानं मी, देवाजी, सर्वांना हात जोडतो. मला सांगितलं, दोन शब्द बोला. ढिवराला दोन शब्द बोला म्हणणं म्हणजे मासळीला थोडंसं पोहून घे म्हणणं! तेव्हा सांभाळून घ्या.

आधीच्या वक्त्यांनी पास्टरभाऊंचा स्वभाव सांगितला, प्रार्थना सांगितली, शिकवणी वर्ग सांगितला. मी त्यांच्या देवाबद्दल बोलणार आहे. दचकू नका! मी हिंदू माणूस आहे, सकाळी आपल्या गावदेवीला, मातामायला पाणी घालूनच इथं आलो. पण ज्या देवाला आपणच आपल्या तलावावर बसवलं, त्याच्याबद्दल बोलायला नको का?

पाहुण्यांना हे ठाऊक नसेल. आपल्या मामा तलावाचं, म्हणजे जुन्या मालगुजारी तलावाचं, पाणी उन्हाळ्यात उतरलं की सारं गाव जाळं ओढतं. मग पाळीवर, म्हणजे तलावाच्या बांधावर, पळसाच्या पानांवर मासळीचे वाटे पडतात. पहिला वाटा मातामायचा, मग जो जो पाण्यात उतरला त्याचा. पाण्यात अंग भिजलं नाही, त्याला वाटा नाही. आजोबा-पणजोबांपासूनचा रिवाज आहे.

पास्टरभाऊ नवे आले होते, तेव्हा पाळीवर गप्पा मारायला येत. एकदा इतवारीभाऊनं विचारलं, "तुमचा देव आखिर हाये तरी कोण?" भाऊ म्हणाले, ज्यानं जंगल, पाणी, माणूस सारं घडवलं तो. तो बाप आहे. आणि तोच माणूस होऊन सुताराच्या घरी जन्माला आला, त्याचं नाव येशू. आणि त्याचे पहिले सोबती कोण? तर मासे धरणारे! मग काय विचारता! आमचा इतवारी टुणकन उठला, "म्हंजे आपल्याच सोयऱ्यातला निघाला ना बावा!" त्याच साली आम्ही मातामायच्या शेजारी एक दगड ठेवला, शेंदूर लावला, आणि पास्टरच्या देवाचा वाटा काढून टोपलीत घालून भाऊंच्या दारात नेला. विचारलं, "तुमच्या देवाले झिंगे चालते का?"

रीताबाई, तुम्ही हसू दाबत आत पळाल्या होतात, मी पाहिलं हो!

दुसरा कोणी असता तर रागावला असता. त्यांच्या धर्मात देवाची मूर्ती करत नाहीत, हे आम्हा अडाण्यांना कुठं ठाऊक? भाऊ आमच्यासोबत खाली बसले. समजावू लागले, की देव एक आहे, पण बाप, पुत्र आणि पवित्र आत्मा असा आहे. म्हणाले, पाणी, बरफ आणि वाफ असतात ना, तसं. सोबत आलेला मुखरू म्हणाला, "बरफ झाला मंग पाणी कुठी राह्यते?" भाऊ म्हणाले, खरं आहे, हे उदाहरण नाही जमलं. तेवढ्यात आमचे लच्छूभाऊ, ज्यांचं तोंड कधी रिकामं नसतं, म्हणाले, "तीन हायेत त तीन वाटे मांगन का आता?"

"नाही भाऊ," पास्टरभाऊ म्हणाले, "एकच. देव एकच आहे. पण तो एकटा नाही. आम्ही म्हणतो, देव म्हणजे प्रीती. आता प्रीती एकट्यानं होते का? काहीच नव्हतं तेव्हाही बापाची पुत्रावर प्रीती होती, पुत्राची बापावर, आणि ती आत्म्यात वाहत होती. पुरं तर मलाही समजत नाही, समजलं असतं तर देव माझ्याएवढाच झाला असता. पण एवढं कळते, की माझा देव एकटा जेवत नाही. त्याचा वाटा काढलाच आहे, तर ज्याला वाटा नाही त्याच्या घरी द्या. त्याला पोचते."

आणि वाटा नव्हता कोणाला? सुगंधाबाईंना. त्यांचे मालक डोमाभाऊ वारले होते, बायका जाळ्याला लागत नसत, घरात पाण्यात उतरणारं कोणी नव्हतं, पोरगी रंजीता लहान. कालपर्यंत ज्यांच्या घरी टोपली जायची, त्या बाई पाळीच्या टोकाला उभ्या राहून नुसत्या पाहायच्या. कोणाच्या जिवाला बरं वाटत होतं? पण रिवाज मोडणार कोण?

कुजबूज झाली, खोटं कशाला बोलू. "बाईले बाटवाले पाहून राह्यला." सुगंधाबाईंच्याही कानावर गेलं. त्या तरातरा भाऊंच्या दारात आल्या, पदर खोचून म्हणाल्या, "पास्टरभाऊ, मी तुमच्या चर्चात येनार नाई. मातामाय सोडनार नाई. तरी तुमचा देव देते का मले?"

"बाई," भाऊ म्हणाले, "पाऊस पाडताना तो धानाची बांधी कोणाची हे विचारते का?"

बाईंनी टोपली उचलली. दर उन्हाळ्यात उचलली. चर्चच्या पायरीवर त्या कधी गेल्या नाहीत, आणि भाऊंनी कधी बोलावलं नाही. मला विचाराल तर पास्टरभाऊंनी देव कोण हे सांगितलं, ते त्या दिवशी कमी आणि त्यानंतरच्या गप्प राहण्यानं जास्त.

आता मागच्या आठवड्याचं सांगतो आणि बसतो. प्रेमिलाबाई घड्याळ पाहून राहिल्या आहेत. यंदाचं जाळं ओढलं, वाटे पडू लागले. लच्छूभाऊ म्हणाले, "पास्टरची बदली झाली. तो चालला आलापल्लीले, त्याचा देवबी चालला. वाटा बंद करा." दोघं-चौघं माना डोलवू लागले. खरं सांगतो, मला सुगंधाबाईंच्या तोंडाकडे पाहायची हिंमत होईना.

बाई पुढं आल्या. शेजारी रंजीता, केसांतून पाणी निथळत असलेली. यंदा ही पोरगी जाळ्याला लागली होती, गावातल्या बायांमधली पहिलीच. तिचा स्वतःचा वाटा पडला होता. बाई म्हणाल्या, "लच्छू, देवाची का बदली होते रे? पन माह्या घरून त्याले आता हालवा. माह्या घरी रंजीताचा वाटा येते. नीलाबाईचा मानूस खाटेवर पडून हाये, तिच्या घरी कोनी पान्यात उतरलं नाई. पास्टरचा देव आता तिथं जेवन."

 मग टोपली कोणी उचलली? लच्छूभाऊंनी! खाली मान नका घालू लच्छूभाऊ, चांगलंच केलं तुम्ही.

नीलाबाई, भरसभेत तुमचं नाव घेतलं, राग मानू नका. मंडळींनी शांतपणे ऐकलं, उपकार झाले. पास्टरभाऊ, रीताबाई, तुमच्या धर्मातलं काही माझ्या तोंडून उलटसुलट गेलं असेल तर पोटात घाला. तो शेंदराचा दगड तुम्ही आम्हाला कधी हलवायला लावला नाही, तो आहे तिथंच आहे. आलापल्लीला निर्धास्त जा. तुमचा देव इथं उपाशी राहणार नाही.