नळीवरचं नाव

कर्जतच्या स्किन क्लिनिकात माझ्या समोरच्या बाकावर सत्तरीच्या सुनीतीबाई आणि चाळिशीची मेघा बसल्या होत्या. दोघींचं रक्त नुकतंच नळ्यांत काढून झालं होतं, आत मशीनमध्ये फिरायचं बाकी होतं.

"आपलंच रक्त फिरवायचं न् आपल्याच चेहऱ्यात टोचायचं. पटतं का गं तुला?"

"सुरकुत्या जातात म्हणं, काकू."

"आणि नळ्यांची अदलाबदल झाली म्हणजे?"

"नाय होत. माज्यासमोर नाव चिकटवलं."

"बरं केलंस बघून. आडनाव काय तुझं?"

"गायकवाड."

"गायकवाड म्हणजे... कुठले?"

"कोंडाण्याचे. बुद्धविहाराला लागूनच घर हाय आमचं."

"हो का? छान, छान... अहो सिस्टर, माझी नळी वेगळी फिरवता येईल का?"