नाव नसलेल्या बरण्या

आजच्या या निरोप समारंभाच्या अध्यक्षा आणि आपल्या बीज केंद्राचा कणा असलेल्या आदरणीय गीताबाई, व्यासपीठावरचे सन्माननीय पाहुणे, शेतातली बेणणी, तण काढायचं काम टाकून शेणव्याच्या या सभागृहात आलेल्या पाड्यापाड्यांवरच्या माझ्या मावश्या, दादा आणि वहिनी, आणि उद्यापासून माझ्या खुर्चीत बसणारी आपली मेघा, सगळ्यांना माझा नमस्कार.

गीताबाईंनी आत्ता मानपत्र वाचलं. ‘केंद्राच्या संगणकीकरणाचे शिल्पकार श्री. मुकेश.’ ऐकताना मी आपला चपलांकडे बघत होतो. पुढे त्या म्हणाल्या, ‘तांत्रिक कारणास्तव काही माहिती आज उपलब्ध नसली तरी...’ बाई, माणसाला सांभाळून घेण्याचा तुमचा स्वभाव मी ओळखून आहे. पण हे तांत्रिक कारण सापगावात राहतं आणि आत्ता तुमच्यासमोर हार घालून उभं आहे. बैठकीत मी सगळं सांगितलंच होतं. पाहुण्यांना ठाऊक नसेल म्हणून थोडक्यात सांगतो.

आपल्याकडे जुन्या भाताचं बियाणं बरण्यांत ठेवतात. पूर्वी बरणीवर चिठ्ठी असायची, ती कसर खायची. मी म्हटलं, चिठ्ठ्या कशाला, नंबर मारा! नाव, गाव, कुणी दिलं, कुठल्या जमिनीत लावायचं, सगळं डेटाबेसमध्ये. कागदच नको, हा माझा हट्ट. आणि आपल्या बियाण्याची नावं परक्याच्या घरी का ठेवायची, म्हणून सर्व्हरही आपलाच, आपल्या ऑफिसात. समितीसमोर मी बॅकअप हाताने चालवून दाखवला. तुम्ही टाळ्या वाजवल्या, पेढे वाटले. मग तोच बॅकअप रोज रात्री आपोआप निघेल अशी वेळ लावून टाकली. स्क्रीनवर हिरवी खूण आली. झालं! मी निर्धास्त.

आता हसू नका. त्याच ऑफिसच्या दारावर माझ्याच अक्षरात पाटी होती: ‘निघताना मेन स्विच बंद करणे.’ आदल्या वर्षी विजेच्या कडकडाटात पंखा आणि मोडेम जळाले होते, म्हणून मीच तो नियम केला. आणि आपली माणसं इतकी गुणी, की एक दिवस कुणी विसरलं नाही. मी स्वतःही नाही. संध्याकाळी स्विच खाली, सर्व्हर गप्प, आणि रात्रीचा बॅकअप कुणी काढायचा? सकाळी सर्व्हर चालू झाला की तो काही मागचं राहिलेलं काम उरकत नाही. पुढच्या रात्रीची वाट बघतो. आणि पुढच्या रात्री पुन्हा अंधार.

होळीच्या सुमारास सर्व्हरची डिस्क बसली, सगळी माहिती गेली. मी ऐटीत म्हटलं, काळजी नको, बॅकअप आहे. उघडला, तर आत काय? टाळ्यांच्या दिवशीची ती एकच फाइल. तिच्यात बियाण्याच्या जागी ‘चाचणी एक’, ‘चाचणी दोन’ आणि शेतकऱ्याच्या जागी माझं नाव. खोलीत सगळे होते. कुणी मला दोष दिला नाही, आणि तेच मला सोसवेना.

पाड्यापाड्यांवर परत फिरलो. बऱ्याच जणांनी आपापल्या बरण्या ओळखून दिल्या. न कुरकुरता, वर चहा पाजून. पण धोंडीबाईंना विचारायचं कुणी? त्या तर गेल्या होत्या. त्यांनी आपल्या आईकडून आलेलं, वरकस म्हणजे डोंगरउताराच्या जमिनीतलं भात मला दिलं, तेव्हा विचारलं होतं, ‘नाव जानार नाय ना रे?’ मी हसून म्हटलं होतं, ‘मावशी, आता तुम्ही म्हणालात तरी जायचं नाही.’ आज त्यांचं भात खालच्या फळीवरच्या, ओळख न पटलेल्या बरण्यांपैकी एकीत आहे. कुठल्या, ते मला माहीत नाही. लाज वाटते हो. नुसती वाटत नाही, भाकरीचा घास घेताना आठवते.

पावसाआधी, रोपासाठी राब भाजायच्या दिवसांत त्यांची लेक सावळी आली. आईचं भात लावायचं म्हणून मागायला. मी तिला त्या फळीसमोर उभं केलं आणि खरं ते सांगितलं. तिने एकेक बरणी हातात घेऊन बघितली. मग म्हणाली, ‘मुकेशदादा, त्यातलं कुठलं पन दे. मी आयचंच हाय म्हनून लावीन. तू नको तोंड पाडून बसू.’

तिने चार शिव्या घातल्या असत्या तर मी घरी जाऊन जेवलो असतो. मला ती बरणी उचलता येईना. ती रिकाम्या हाताने गेली.

मेघा, तुला एवढंच सांगतो. बॅकअपची वेळ दुपारची ठेव, सगळे डबा खात असताना. आणि हिरव्या खुणेवर जाऊ नकोस. बॅकअप दुसऱ्या मशीनवर उघडून बघ, आत धोंडीबाई आहेत का ते बघ. आणि बरण्यांवर नावं लिही गं बाई. कसरीची गोळी टाक, पण नाव लिही.

मुरबाडला नवी नोकरी लागली म्हणून मी निघालोय, पळून नाही. खालच्या फळीवरच्या प्रत्येक बरणीतलं मूठभर बियाणं मी सापगावच्या आमच्या तुकड्यात वेगवेगळं लावलंय. सावळीला विचारलं, उभं भात बघून ओळखशील का? ती म्हणाली, ‘लहानपनी कापलंय. आठवलं तर आठवलं, नायतर नाय.’ एवढ्याच भरवशावर लावणी केली आहे.

शाल द्यायला गीताबाईंनी सावळीलाच पुढे बोलावलंय, हे मला आत्ता दिसतंय. सावळी, थांब गो. ती शाल आज गीताबाईंकडेच राहू दे.

तुम्ही सगळ्यांनी मला जे प्रेम दिलंत, त्याबद्दल मनापासून आभार. भाषणात कुणाचं नाव राहिलं असेल, शब्द इकडचा तिकडे झाला असेल, तर मोठ्या मनाने माफ करा. ती दुसरी, बरण्यांची चूक मात्र एवढ्यात माफ करू नका. भात निसवू दे, लोंब्या बाहेर येऊ दे. सावळी बांधावर येऊ दे. मग ती सांगेल.