चार वर्षांचं बॅचलर

सावंगीच्या एका विद्यापीठात प्रवेशाच्या रांगेत माझ्यापुढे बापलेक उभे होते. फॉर्म लेकीच्या हातात होता.

"पौर्णिमा, इथं बॅचलर काऊन लिहून हाये?"

"डोळे तपासाची डिग्री हाये, बाबा. बॅचलर ऑफ ऑप्टोमेट्री."

"पन बॅचलर म्हंजे बिनलग्नाचा ना? वर्ध्यात पाटी राह्यते, बॅचलरले खोली भेटनार नाई."

"हो, तोच शब्द हाये."

"किती वर्षांचं हाये?"

"चार."

"म्हंजे चार वर्षं लग्न नाई करता येत?"

रांग सरकली. पोरगी सरकली नाही.

"नाई करता येत, बाबा."

"मंग रविवारी कारंज्याचे पाहुणे येऊन राह्यले, त्याइले काय सांगू?"

"हा फॉर्म दाखवजा."

"आन चार वर्षांनं?"

"मंग मास्टर राह्यते."

"त्यात चालते का लग्न?"

"त्याचा फॉर्म आला का वाचून सांगीन."