बंधुमंडळाचं दार

चावीवाल्याच्या रांगेत माझ्यापुढे दोन म्हातारे होते.

“दार बाहेरून उघडत नाही, ठाऊक होतं ना तुला?”

“तूच म्हणालास, चल, चहा घेऊ.”

“एकाने कायम आत थांबायचं, हा बंधुमंडळाचा नियम. आपण दोघंच तर उरलोय.”

“मग पहिला माणूस आत कसा गेला?”

“माझे आजोबा. ते गेलेच नाहीत. इमारत त्यांच्याभोवती बांधली.”

“खिडकी फोडायची?”

“गुप्त मंडळाला खिडक्या कशाला ठेवतील?”

“उद्या नगरपालिकेची माणसं येतायत. आत सभा दिसली नाही, तर इमारत गेली म्हणून समज.”

“बोला काका, कुठलं दार उघडायचंय?” चावीवाल्याने विचारलं.

“ते बाहेरच्यांना सांगता येत नाही.”

“मग मला सभासद करून घ्या.”

“घेतलं असतं रे. पण शपथ आतच घ्यावी लागते.”