उलट्या पिळाचं ड्रिल

वासुदेव : अरे थांब, जोर लावू नकोस! बोल्टचं मुंडकं तुटलंय. आता पाना कशाला पकडणार? हवेला?

सुजीत : बाबा, बेड न्यायला फैज पिकअप घेऊन निघालाय. त्याला बेड पूर्ण खोललेला हवाय. शारजाच्या ट्रॅफिकमध्ये तो परत परत येणार नाही.

वासुदेव : माझ्या पलंगाची एवढी घाई? मी अजून गेलोय कुठे?

सुजीत : उद्या सकाळी जाताय.

वासुदेव : आणि आज रात्री कुठे आडवा होऊ?

सुजीत : हॉलमध्ये गादी टाकतो. एका रात्रीचा तर प्रश्न आहे.

वासुदेव : सरक तिकडे. माझी निळी पेटी आण. डावी ड्रिलं आहेत त्यात, उलट्या पिळाची.

सुजीत : ती तुमच्या बॅगेत तळाशी गेली. मीच पॅक केली.

वासुदेव : मग तूच काढ. आणि माझं हँड ड्रिल पण. आज शुक्रवार, इथली सुट्टी, विजेचं मशीन लावलंस तर वॉचमन दारात येऊन उभा राहील.

सुजीत : कपडे विसरून आला होतात, पण हे लोखंड नाही विसरलात.

वासुदेव : रिटायर होताना कारखान्यातल्या टूलरूमच्या पोरांनी दिलेला ड्रिलांचा संच आहे तो. कपडे काय, कुठेही मिळतात. ... हां, हेच. बघ, याचा पीळ उलटा आहे. साधं ड्रिल लावलं की तुटका बोल्ट आणखी आत आवळला जातो. हे उलटं फिरवायचं. कुरतडता कुरतडता तोच सुटून बाहेर येतो.

सुजीत : माहितेय.

वासुदेव : तुला कुठून माहीत?

सुजीत : चिंचवडच्या गॅलरीत तुम्हीच शिकवलंत. तुमच्या याच जुन्या हँड ड्रिलवर. मी दांडा डाव्या हाताने धरला की स्टीलची पट्टी घेऊन बोटांवर मारायचात. पट्टी आडवी नाही, धारेवर.

वासुदेव : मारलं असेल. वळण लावायला नको? डावखुरा पोरगा टूलरूममध्ये चालत नाही, सगळी यंत्रं उजव्या हाताची.

सुजीत : मी टूलरूममध्ये कधी गेलो? एसीत बसून लॉजिस्टिक्स बघतो मी. माऊस पण उजव्या हाताने धरतो. चौथीपर्यंत तोंडातून एक वाक्य न अडखळता निघायचं नाही. पाहुण्यांसमोर तुम्ही माझी नक्कल करून दाखवायचात.

वासुदेव : लोक हसायचे, तू पण हसायचास.

सुजीत : मी रडत नव्हतो, एवढंच.

वासुदेव : आता बोलतोस की घडाघडा! लागलं ना वळण? बरं, इथे सेंटर पंचाने खूण केलीय. मी वरून दाबतो, तू दांडा फिरव. माझा उजवा खांदा वर होत नाही.

सुजीत : फिरवतो.

वासुदेव : उलटा रे, उलटा! सुलटा काय फिरवतोस? आत चाललाय तो.

सुजीत : हात आपोआप तिकडेच जातो.

वासुदेव : मग दुसऱ्या हाताने बघ.

सुजीत : काय म्हणालात? पुन्हा म्हणा.

वासुदेव : डाव्या हाताने बघ म्हटलं. काम व्हायला हवंय ना तुला?

सुजीत : आता सुचलं तुम्हाला! नाही जमत. या हाताने मला चमचासुद्धा नीट धरता येत नाही. तो हात तुम्ही तेव्हाच खलास केलात.

वासुदेव : सुजीत, तिकीट पुढे ढकल रे. तळेगावला माझं कोण आहे?

सुजीत : छान आश्रम आहे. तुमच्या खोलीला बाल्कनी आहे.

वासुदेव : बाल्कनीतून दिसतं काय?

सुजीत : दुसऱ्या म्हाताऱ्याची बाल्कनी.

वासुदेव : तुझ्या बायकोने सांगितलं का मला घालवायला?

सुजीत : आभा दुबईत करामाला बहिणीकडे आहे. तुम्ही विमानात बसलात की घरी येईल. केया फक्त तुम्हाला बाय म्हणायचं म्हणून हट्टाने थांबलीय.

वासुदेव : एवढं काय केलं मी? केया प्रसाद डाव्या हाताने खात होती. देवासमोर! म्हणून तो हात जरा खुर्चीला बांधला. कापडाच्या पट्टीने, सुतळीने नाही.

सुजीत : जेवण संपेपर्यंत बांधून ठेवलात. रोज. आम्ही दोघं ऑफिसात असताना. मनगटावर वळ उठले तेव्हा शाळेच्या नर्सने फोन केला. इथे अशा गोष्टीला पोलीस येतात बाबा. आभाने हातापाया पडून मिटवलं. आणि पोरगी काय म्हणाली माहितेय? म्हणाली, आबांची चूक नाही, माझा हात बॅड आहे.

वासुदेव : गुणी आहे ती. तुझ्यासारखी तोंडाळ नाही.

केया : आबा, व्हॉट आर यू डूइंग? बेड का तोडताय?

वासुदेव : तोडत नाही गं, खोलतोय. बोल्ट अडकलाय.

केया : कॅन आय ट्राय?

सुजीत : थांब केया. बाबा, एक करू. ही दांडा फिरवेल. तिला हवा त्या हाताने. तुम्ही हातांबद्दल एक शब्द काढायचा नाही. बोल्ट निघेपर्यंतच. जमलं, तर मी फैजला फोन करतो, येऊ नको म्हणून. तिकीट कॅन्सल. आभाला मी समजावतो.

वासुदेव : खरं?

सुजीत : हा बघा, फोन हातात धरलाय.

वासुदेव : आईशपथ नाही बोलणार. ये गं बाळा, बस इथे.

केया : आबा जाणार नाहीत मग? फॉर रियल?

सुजीत : ते आता आबांच्या तोंडावर आहे.

केया : आबा... विच हँड?

सुजीत : सांगा ना बाबा. विचारतेय ती.

वासुदेव : तुला हवा तो घे, बाळा.

केया : लेफ्ट पण?

वासुदेव : हं.

केया : यू वोंट गेट मॅड?

वासुदेव : नाही. फिरव. तुझ्याकडे ओढायचा, मग खाली... हां. हळू. बघ सुजीत, कसा सरळ फिरवतेय! तुला आयुष्यात जमलं नाही असं. दाब कायम ठेव... भुगा पडतोय बघ, चमचमता. आता लागलं त्याला ड्रिल. सोडू नकोस!

केया : इट्स मूव्हिंग! आबा, तो फिरतोय! माझ्याबरोबर फिरतोय!

वासुदेव : येऊ दे, येऊ दे... आला! शाब्बास! काय पोरगी आहे! टूलरूमच्या भल्याभल्यांचं मनगट मोडायचं या कामात. दाखव, बघू दे मला.

केया : हिअर, आबा! इट्स हॉट!

वासुदेव : अहं. मोठ्यांना कुठल्या हाताने देतात?

केया : सॉरी आबा.

(केया बोल्ट उजव्या हातात घेते आणि डावा हात पाठीमागे लपवते.)

वासुदेव : हां, अशी. माझी शहाणी. बघ सुजीत, आटे पण शाबूत आहेत. नवा बोल्ट टाकला की पलंग पूर्वीसारखा. लाव त्या फैजला फोन.

सुजीत : के... केया, तू आ... आत जा.

केया : बाबा, व्हाय आर यू टॉकिंग लाइक दॅट?

वासुदेव : आता पुन्हा अडखळायला काय झालं तुला? लाव ना फोन.

सुजीत : फोन तोच क... करतोय. खाली आलाय तो.

वासुदेव : अरे पण तूच म्हणालास ना... मी कुठे काय बोललो? केया, सांग तुझ्या बाबाला. मी काही बोललो का?

केया : नाही बाबा. आबा काहीच नाही बोलले. प्रॉमिस.

सुजीत : ऐकलंत? शि... शिकली. बाबा, त्या टोकाला धरा. बेड खाली न्यायचाय.