चालकाचे मत, कारणासह

— नाही नाही, तुम्ही बाहेर येऊ नका मिस्त्री, पडल्या पडल्याच ऐका. तुमचे नुसते पाय दिसले तरी पुरे आहेत मला. उलट बरंच आहे, समोर तोंड असलं की माझं बोलणं अडखळतं. तर मी काय सांगत होते — हा कागद. आपल्या दवाखान्याला नवी गाडी मंजूर झालीय, चारही चाकं ओढणारी, डोंगरावर चढणारी, आणि साहेब म्हणतात, सिस्टर, वरच्या वस्त्यांवर तुम्हीच गाडी घेऊन जाता, तेव्हा इंजिन डिझेलचं की पेट्रोलचं ते तुम्हीच ठरवा. ‘चालकाचे मत कारणासह लिहावे.’ खाली चार ओळी मोकळ्या सोडल्यात. चारच. आणि त्या चार ओळी मी आठ दिवस पर्समध्ये घालून फिरतेय. आज पाचच्या आत द्यायचाय. घरी आमच्या ह्यांना विचारलं, तर म्हणाले, अगं, जी सुरू होते ती घे! वीस वर्षं संसार केला, पण त्या माणसाकडून एका प्रश्नाचं सरळ उत्तर मिळेल तर शपथ.

आता डिझेल घ्यावं — तुम्हीच मागे सांगितलं होतंत ना — तर डिझेलला ठिणगी लागत नाही, म्हणजे वायरी भिजल्या तरी त्याचं काही अडत नाही, हवा घ्यायचं नळकांडं टपापर्यंत वर नेलं की झालं. हळू चालवलं तरी जोर लावतं, चढाला रडत नाही, घसरणीला गिअरमध्ये ठेवलं की आपणहून गाडी धरून ठेवतं. पण थंडीत सकाळी उठायला मागत नाही, आमच्या मुलीसारखं! शिवाय जड, चिखलात नाक खुपसून बसतं, आणि टाकी रिकामी झाली तर नुसतं ओतून भागत नाही, पाइपातली हवा काढत बसा. पेट्रोलचं हलकं, किल्ली फिरवली की हजर, धडधड नाही — मागे कळा येणारी बाई झोपवलेली असली की ती धडधड फार लागते हो — पण पेट्रोलचे कॅन घेऊन हिंडायचं म्हणजे आग मांडीवर घेऊन हिंडायचं. आणि पाणी. पाण्यात पेट्रोलची गाडी बंद पडते. पडतेच ना? सगळे म्हणतात. काय? चौदाचा पाना? हा घ्या, तुमच्या पायाशीच तर होता.

घाई एवढ्यासाठी की गुरुवारी मला जायचंय. नवी गाडी येईल तेव्हा येईल, गुरुवारी हीच, तुम्ही जिच्याखाली पडलाय ती, उसनी आणलेली. ओढ्यापलीकडच्या वस्तीवर लशी द्यायच्यात. आठ महिने झाले, मी तिकडे फिरकले नाही. एकदा सांगितलं रस्त्यावर दरड आलीय, एकदा सांगितलं लशींचा बर्फ वितळला, एकदा माझी कंबर धरली. हल्ली साहेब विचारतही नाहीत, नुसते बघतात. म्हणे ओढ्याला आता गुडघाभरच पाणी आहे. गुडघाभर! मिस्त्री, काल मी कपडे भिजवायला बादली भरत होते, पाणी काठाला आलं आणि मला त्या बादलीकडे बघवेना. नळ बंद करायला मी मुलीला हाक मारली. चौदा वर्षांची पोर, मला म्हणते, आई, हात बघ तुझे. बघितले — पाणी लागलेलं नसताना बोटं पांढरी पडली होती. हसू नका. हसत नाही आहात? बरं.

त्या दिवसाचं तुम्हाला काय सांगायचं, चौकशीचा कागद तुम्हाला वाचायला लावलाच असेल. पण कागदात सगळं कुठे असतं? दुपारचे दोन वाजले होते, लख्ख ऊन. आमच्याकडे पाऊस नव्हता, वर कुठेतरी पडला असणार. मागे स्ट्रेचरवर ती पोरगी, पहिलटकरीण, आणि पुढे माझ्या शेजारी तिची सासू, कारण मागे दोघींना जागा नव्हती. म्हातारी कशी होती — सुनेच्या प्रत्येक कळेला आपणच ‘आई गं’ म्हणायची. ओढ्याचा उतार मी शंभर वेळा ओलांडलाय. तुम्हीच शिकवलंत : खालचा गिअर, एकसारखा वेग, पाय हलवायचा नाही, पुढे लाट उठते ती आपल्या गाडीपुढे चालू द्यायची. तशीच घातली मी गाडी. मधोमध आलो आणि पाणी दिव्यांपर्यंत चढलं, आणि खालून काहीतरी — दगड असेल — चाक सरकलं, गाडी हातभर बाजूला गेली. एवढंच हो. हातभर. म्हातारी म्हणाली, ‘बाई, थांबू नका, चला.’ तिला गाडीतलं काय कळत होतं? पण तिला कळलं. ती माझ्या पायाकडेच बघत होती. आणि मी —

मी काय, गाडी बंद पडली. पाणी गेलं आत. बंद पडली आणि मग ओढ्यानं तिला आडवी केली, आणि म्हातारीनं डोळ्यांवरचा चष्मा काढून माझ्या हातात दिला, ‘धरा, भिजेल,’ असं म्हणाली, जशी काही अंघोळीला निघालीय, आणि दार उघडलं. सुनेजवळ मागे जायचं होतं तिला. मी दंड धरला होता तिचा, देवाशपथ धरला होता, बाही हातात आली आणि मग बाहीही गेली. पलीकडून माणसांनी दोर टाकला, आम्हा दोघींना ओढून काढलं, काठावर ताडपत्री घालून बाळंतपण मीच केलं. मुलगी झाली. नाळ नीट कापली मी, गाठ नीट मारली. म्हातारी दोन वळणं खाली सापडली.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी विचारलं, गाडी कशानं बंद पडली? मी म्हटलं, पाणी गेलं असेल. कुठे गेलं? इंजिनात. मग तेच म्हणाले, ती ठिणगी वाटणारी डबी असते, डिस्ट्रिब्युटर, तिचं झाकण नीट बसवलेलं नसेल. मी म्हटलं, नसेल. नुसतं ‘नसेल’ म्हटलं हो मी! टाइप होऊन आलं तेव्हा ‘नव्हते’ झालं होतं. ‘झाकण नीट बसवलेले नव्हते.’ मी वाचलं. दोनदा वाचलं. आणि खाली सही केली, आणि बावीस वर्षं नोकरी झालेल्या हेडमिस्त्रीला, तुम्हाला, मोठ्या वर्कशॉपमधून उचलून ह्या पत्र्याखाली आणून टाकलं, उसन्या गाड्या पुसायला. माहीत आहे मला. रोज खिडकीतून दिसता तुम्ही.

आणि ह्याहून वाईट सांगू? त्या बाळाचा बाप त्याच वस्तीवरून दर महिन्याला निरोप धाडतो. म्हणतो, आई गेली ते आमचं नशीब, पण सिस्टर, दोन जीव तुम्ही राखलेत, एकदा पोरीला बघून जा. माझं नाव ठेवलंय तिला. माझं! त्याची आई ज्या पायाकडे बघत होती —

पाना थांबला तुमचा. मिस्त्री? झालं का काम? का थांबलात? कुठल्या पायाचं म्हणजे — मी कुठे म्हटलं पाय? — म्हटलं. डावा. क्लचचा. दाबला मी. चाक सरकलं आणि मला वाटलं गेलो, आणि पायानं क्लच दाबला — नाही, पायानं नाही, मीच दाबला, पाय काय शेजाऱ्याचा होता? गाडी जागच्या जागी उभी राहिली, पुढची लाट उलटून बॉनेटवर आली, पंख्यानं सगळं पाणी इंजिनभर उडवलं, आणि मग ते बंद पडलं. मग! त्याच्या आधी चालत होतं ते. चांगलं चालत होतं. आता मी इथे डिझेल लिहिलं ना, तर ते म्हणणार, बरोबर, पेट्रोलनंच घात केला होता. म्हणजे तीच सही मी पुन्हा करणार. आणि पेट्रोल लिहिलं तर विचारणार, असं कसं, तीच तर बुडाली. आणि दोन्ही इंजिनं माझ्या त्या पायापुढे सारखीच —

नको, येऊ नका बाहेर. मिस्त्री, मी म्हटलं ना — आलातच. बसा. उभेच राहा. मारायचं असेल तर मारा. तुम्हाला — तुम्हाला माहीत होतं? मान काय हलवता, नीट सांगा! ओढ्यातून गाडी काढली तेव्हा झाकण जागेवर होतं? ग्रीससकट? मग बोलला का नाहीत तुम्ही? — हो. बोललात. बरोबर आहे. बोलला होतात, चौकशीच्या बैठकीत मी समोरच बसले होते, आणि मी खाली जमिनीकडे बघत होते.

हे काय? पेन? माझ्याकडे आहे पेन. द्या, तुमचंच द्या, माझं चालायचं नाही आज. कुठे टेकू? ह्या मडगार्डवरच. इंजिन — तुम्ही सांगा, खरं, रागावला असलात तरी खरं सांगा, पुढच्या वेळीही मागे कोणीतरी झोपलेलं असणार. डिझेल? छापलेल्या शब्दावर बोट तरी नीट ठेवा — डिझेल. बरं. लिहिते. ‘डिझेल. भिजून बंद पडण्याची भीती कमी, चढाला व घसरणीला धरते.’ दोन ओळी झाल्या. ‘मागील गाडीत दोष नव्हता, झाकण जागेवर होते.’ तीन. अक्षर बघा कसं येतंय, पहिलीतल्या पोरासारखं. ‘चालकाने पाण्यात मधोमध क्लच दाबला.’ ‘चालकाने’ नको. ‘मी.’ मी दाबला. सही.

आता हा तुम्ही न्या. नाही, मी नाही. मी नेला तर जिन्याच्या वर पोचायचा नाही, वाटेत फाडेन, मला ठाऊक आहे मी कशी आहे ते. हात पुसत बसू नका, पडू दे डाग. पाचला दहा कमी आहेत, साहेब निघतील. गुरुवारी कोण जाणार, ते मला विचारू नका, वाचल्यावर मला गाडीत बसू देतील की नाही कोण जाणे. मला बसायचंय की नाही तेही — काही म्हणू नका. ठीक आहे म्हणू नका, माफ केलं म्हणू नका, काही म्हणालात तर मी तो कागद हिसकावून घेईन. असं बघू नका. जा. अहो, उभे काय राहिलात, जा म्हणते ना!